दर सोमवारी मरणारे घाडी

आमच्या समोरचे घाडी दर सोमवारी मरत. म्हणजे रीतसर आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, गिरणी उघडायच्या वेळेला मरत आणि संध्याकाळी शटर पडलं की जेवायला जिवंत होत. मधला सगळा वेळ माझ्या पायरीवर. विक्रोळीच्या आमच्या चाळीत मी तळमजल्याला राहते आणि गल्ली ओलांडली की त्यांची पिठाची गिरणी, त्यामुळे मयताची सोय माझ्याकडे.

पहिल्या सोमवारी मला वाटलं, नवराबायकोचं वाजलं असणार. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "काकी, आज मी मेलंय. गिरणी सुनंदा बघतली."

सुनंदा म्हणजे त्यांची बायको. तोवर नवऱ्याला डबा देण्यापलीकडे तिचा गिरणीशी संबंध नव्हता. त्याचं असं झालं, घाडींचे गावाकडचे थोरले भाऊ अचानक वारले. त्यांचीही गिरणीच. पण वहिनीने कधी मोटारीच्या खटक्याला हात लावलेला नाही. चांगली चालती गिरणी बंद पडली, गंजली, भंगारात गेली आणि वहिनी आता दुसऱ्याच्या बागेत राबायला जाते. वर्षश्राद्ध उरकून घाडी परत आले ते हा सोमवार घेऊनच. त्यात डॉक्टरांनी त्यांच्याही हृदयाबद्दल काहीबाही सांगून ठेवलेलं. लोक विमा काढतात, घाडींनी तालीम काढली.

एरवी शिकवणी, सोमवारी परीक्षा. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने टाकी मारून तो खरखरीत कसा करायचा, पीठ चिमटीत धरून दळण बरोबर आलंय का ते कसं ओळखायचं, सगळं आठवडाभर घोकून घ्यायचं. सोमवारी मात्र तोंडाला कुलूप. गिऱ्हाईकं गिरणीतून ओरडायची, मामा, जाडं येतंय, वहिनींना सांगा ना जरा! मामा आभाळात घारी बघत बसायचे.

एकदा मी तांदूळ दळून आणले. घावणे घातले, तर हळदीला बसलेल्या नवरदेवासारखे पिवळे! सुनंदाने आधी कुणाची तरी चण्याची डाळ काढलेली आणि दगड साफ करायला मूठभर तांदूळ टाकायचे राहून गेलेले. मी तवा तसाच ठेवून बाहेर आले.

"घाडी, तुम्ही बघत होतात ना?"

"बघी होतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"मेलेलो माणूस बोलता काय?"

वर ते पिवळे घावणे चटणी मागून घेऊन खाल्ले. मेलेला माणूस जेवतो का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलंच नाही बघा.

सुनंदाही काही कमी नव्हती. सोमवारी ती त्यांना चहा देत नसे. मेलेल्याला कशाला हवा चहा, असं मोटारीच्या आवाजातही गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची. मग मयताला चहा कोण पाजणार? मीच.

असंच चाललं होतं. एका सोमवारी सुनंदा वाकून सांडलेलं पीठ गोळा करत होती आणि तिचा पदर सुटून फिरत्या पट्ट्याकडे ओढला गेला. मला काही कळायच्या आत माझ्या शेजारचा मयत अनवाणी गल्ली पार करून आत पोचलासुद्धा. खटका पाडला. पदराचं टोक फाटलं, तेवढ्यावर निभावलं.

सुनंदाची जीभ मात्र शाबूत. म्हणाली, "उठलात ना शेवटी?"

मला वाटलं, आता घाडी हसतील. ते पोत्यावर मटकन बसले.

"आज मी इलंय धावत," ते म्हणाले. "खराच मेल्यार कसो येतलंय?"

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद. घाडींनी पट्ट्याभोवती लोखंडी जाळी ठोकून घेतली. खटकाही खाली आणायचा ठरवला, म्हणून सुनंदाला भिंतीला टेकून उभं केलं. हात वर कर, आता वाक, आता बसून हात लांब कर. शिंपी घेणार नाही अशी मापं! ती मला म्हणाली, बघायला आले होते तेव्हासुद्धा यांनी मला एवढं निरखलं नव्हतं हो.

यंदा उन्हाळ्यात घाडी खरेच गेले. तेही बुधवारी. गल्लीला सोमवारची सवय, बुधवारी कुणाचा विश्वासच बसेना.

तेरावं झालं आणि सुनंदाने गिरणी उघडली, ती नेमकी सोमवारी. मी पायरीवर येऊन बसले, एका कडेला, नेहमीसारखी. पहिलं दळण माझ्याच तांदळाचं. तिने आधी मूठभर तांदूळ टाकून दगड साफ केला. मग माझे ओतले. पीठ चिमटीत धरून बघितलं आणि मान वर करून माझ्या पायरीकडे पाहिलं. तिथे मी एकटीच होते. मी मान डोलावली. पण तिने माझ्याकडे बघितलं नव्हतंच.

दुपारी खटका पाडून ती गल्ली ओलांडून आली. हातात दोन कप चहा. एक मला दिला, दुसरा माझ्या शेजारी, पायरीच्या मोकळ्या जागेवर ठेवला. कपाच्या कानावर पिठाची बोटं उमटलेली.

"अगं, बस की. घे तुझा चहा."

"माझा झाला, काकी," म्हणाली आणि गिरणी सुरू करायला निघून गेली.