खांबेटे काका रस्ता ओलांडतात

खांबेटे काका वेबसाइट बघायची झाली की रस्ता ओलांडायचे. कॅफेतला एक मॉनिटर दाराकडे तोंड करून ठेवायला सांगायचे, पायात चपला सरकवायचे, अन्नपूर्णा रोडवरचे दोन-चार टेम्पो जाऊ द्यायचे आणि पलीकडे उसाच्या रसाच्या गाडीपाशी जाऊन उभे राहायचे. तिथून एकदा चष्मा लावून बघायचे, एकदा काढून. मग पुन्हा टेम्पो, पुन्हा रस्ता. आत येऊन चपला काढायचे आणि निकाल द्यायचे.

"लाल दिसलं."

आणखी काय दिसलं, असं कोणीतरी विचारायचं. त्यावर ते म्हणायचे, "आणखी कशाला दिसायला पाहिजे? पण लालच का दिसलं, ते सांगा. तुम्ही तर पंप विकताय."

रस्त्यापलीकडून चौदा इंची पडद्यावर काय दिसणार, असा प्रश्न आम्हाला पहिले दोन रविवार पडला. तिसऱ्या रविवारी रसवाल्यालाही मतं फुटली. तो तिकडून हातवारे करून सांगायला लागला की मागच्या हफ्त्यातली जास्त चांगली होती.

ती वर्षं अशी होती की इंदूरमध्ये एकेक मिल बंद होत होती आणि एकेक कॉम्प्युटर क्लास उघडत होता. आम्ही पाच जण वेबसाइटी बनवायचो. शिकवलं कोणी नव्हतं. एकमेकांचं बघून, बाहेरदेशच्या पानांची प्रिंट काढून, हे कसं केलं असेल यावर डोकं लढवायचं, असं चाललं होतं. मुकेश जैनचा सायबर कॅफे रविवारी सकाळी गिऱ्हाईक येण्याआधी आमचा असायचा. मधल्या टेबलावर पेपर पसरून पोहे-जलेबी, आणि ज्याने त्याने आठवड्यात केलेलं पान उघडून दाखवायचं. बाकीच्यांनी काय चुकलंय ते सांगायचं. मी महूहून बसने यायची. वडील फौजेतून रिटायर झालेले. त्यांच्या मते मी बँकेच्या परीक्षेची तयारी करत होते.

काका आमच्यात आले ते एक अर्ज टाइप करून घ्यायला. मी तेव्हा टेलिफोनचं एक छोटं चित्र पडद्याएवढं मोठं करून त्याचे चौकोन एकेक करून रंगवत होते. फोन काही फोनसारखा दिसत नव्हता, इस्त्रीसारखा दिसत होता. मागून आवाज आला, "हा तर आमचा पॉइंट पेपर."

वळून बघितलं तर साठीला टेकलेले, पांढरा बुशशर्ट, खिशाला तीन रंगांच्या पेन्सिली लावलेले एक गृहस्थ. ते मिलच्या डिझाइन खात्यात होते. साडीची किनार, टॉवेलचा काठ, चादरीतला मोर, जे काही कापडावर यायचं ते आधी चौकोनी कागदावर यायचं. एक चौकोन म्हणजे एक धागा. आयुष्यभर त्यांनी चौकोन रंगवले होते. त्यांनी पडद्याला बोट न लावता दाखवलं, "दुसऱ्या ओळीतला हा काढा. आणि खाली एक भरा." मी काढला, भरला. फोन दिसायला लागला.

टाइप करायचा अर्ज त्या दिवशी राहिलाच. पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा काका आधीच येऊन बसले होते.

मिल बंद होऊन तेव्हा बरेच महिने झाले होते. पण काकांच्या बोलण्यात ती चालूच असायची. "आमच्याकडे असं चालत नाही," असं ते म्हणायचे. "आमच्याकडे दोन नक्ष्या अशा अंगावर अंग टाकून बसवत नाहीत." नवीन आलेल्याला वाटायचं की हे कुठल्यातरी मोठ्या कंपनीतून आलेत. एकाने तर त्यांच्याकडे मला चिकटवून घ्या म्हणून बायोडाटा दिला. काकांनी तो पूर्ण वाचला आणि समास चुकलाय म्हणून परत केला.

मला ते वानखेडेबाई म्हणायचे. मी तेवीस वर्षांची होते. मुकेशला इंदुरी थाटात भिया म्हणायचे, म्हणजे भैया, आणि माऊसला हात लावायचे नाहीत. "तुम्ही चालवा. ड्रायव्हर आणि मालक एकाने होऊ नये."

त्यांचे सल्ले सगळे कापडाचे. तीनच्या वर रंग दिसले की विचारायचे, "चौथा धोटा कुठून आणला?" मागावर जितके रंग तितके आडवा धागा नेणारे धोटे लागतात, आणि त्यांच्या खात्यात चौथा मागायचा तर साहेबाला लेखी कारण द्यावं लागायचं. पानभर मजकूर कोंबला की म्हणायचे, "भिया, इसको सांस तो लेने दो." आणि सगळं पाहून झाल्यावर शेवटचा प्रश्न कायम एकच असायचा, "हे नेसणार कोण?"

मुकेशने स्वतःच्या कॅफेची वेबसाइट केली होती. तिच्यावर वरून सतत बर्फ पडायचा आणि एक पाकीट पंख लावून उडायचं. काका रस्ता ओलांडून आले आणि पाण्याचा ग्लास मागितला. मुकेशने विचारलं, कैसी लगी? काका म्हणाले, "इंदूरमध्ये बर्फ पडत असताना माणूस घराबाहेर पडेल का, कॅफेत यायला?" मुकेशने बर्फ बंद केला. पाकीट त्याने हट्टाने ठेवलं.

पंपांची गोष्ट तर आमच्यात बरीच वर्षं सांगितली जायची. सांवेर रोडवर एकांचा शेतीपंपांचा कारखाना होता, आणि ते काम माझ्याकडे होतं. शेठजींना पानावर फिरता पंप हवा होता, खाली गणपती, मागे संगीत आणि चारी बाजूंनी लुकलुकणारे दिवे. मी सगळं केलं होतं. काकांना दाखवल्यावर ते म्हणाले, मला घेऊन चला. माझी हिंमत नव्हती, पण नेलं. शेठजींना वाटलं, हे माझे साहेब. त्यांनी चहा मागवला.

काकांनी कारखाना बघायला मागितला, पंप हाताने फिरवून बघितला, मग विचारलं, हा घेतं कोण? किसान, असं शेठजी म्हणाले.

"किसान को पंप घूमता देखना है, कि पानी आता देखना है?"

शेठजींनी पंप स्वतः एकदा हाताने फिरवून बघितला. मग त्यांनी सांगितलं, पानी लगा दो. आम्ही पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा एकच मोठा फोटो लावला. संगीत गेलं, दिवे गेले. गणपती शेठजींनी काढू दिला नाही, आणि काकाही त्या बाबतीत काही बोलले नाहीत. त्यानंतर शेठजींनी आपल्या तीन ओळखीच्यांना माझ्याकडे पाठवलं. तिघांनाही पाण्याचा फोटो हवा होता. त्यातला एक बिस्किटं बनवायचा.

असे जवळजवळ दीड वर्ष रविवार गेले. काकांनी आमच्याकडून कधी काही मागितलं नाही. घरी कोण आहे, हेही आम्हाला एकदाच कळलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, असं त्यांनी पोह्यांत लिंबू पिळता पिळता सांगितलं होतं, आणि लगेच कोणाच्या तरी पानाच्या समासातली चूक काढली होती.

मग एका रविवारी ते गुंडाळी घेऊन आले. उलगडली तर पॉइंट पेपरवर आख्खं वेबपान काढलेलं होतं, एकेक चौकोन रंगवून. वर नाव, मधे सतरंज्यांची चार चित्रं, खाली पत्ता. मला म्हणाले, "वानखेडेबाई, हे बनवायचंय. आमच्या रामरतनचं."

रामरतन हा त्यांच्या मिलमधला विणकर. मिल बंद झाल्यावर तो बेटम्याला भावाकडे गेला होता आणि घरामागे एक हातमाग टाकून सतरंज्या विणत होता. काका दर गुरुवारी बसने तिकडे जायचे आणि त्याला नव्या नक्ष्या काढून द्यायचे. हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आता सांवेर रोडच्या एका गोदामात त्याला चौकीदारीचं काम मिळत होतं. तो माग मोडून टाकायचं म्हणत होता. काकांनी त्याला सांगितलं होतं की थोडं थांब, आधी तुझं काम सगळ्या दुनियेला दाखवू, मग ठरव.

आम्ही पाचही जण त्या पानावर बसलो. काका प्रत्येक चौकोन कागदाशी ताडून बघत होते. पान तयार झालं आणि मी सवयीने तळाला पाहुण्यांचा आकडा दाखवणारा काउंटर लावला. तेव्हा सगळेच लावायचे.

रामरतन ते बघायला बेटम्याहून आला. उंच, वाळकुंडा माणूस. आपल्या सतरंज्या पडद्यावर बघताना हात मागे बांधून उभा राहिला. कुठे कुठे दिसतं हे, असं त्याने विचारलं. मुकेशने सांगितलं, सब जगह. मग रामरतनचं लक्ष तळाच्या आकड्याकडे गेलं. हे काय? इतक्या लोकांनी बघितलं, मी सांगितलं. आकडा सहा होता. ते आम्हीच होतो, पण तसं कोणी बोललं नाही.

तेव्हापासून दर शनिवारी बेटम्याच्या पीसीओवरून कॅफेत फोन यायला लागला. रामरतन फार बोलायचा नाही. काकांना तो साहेब म्हणायचा; साहेबांना बोलवू नका, फक्त नंबर सांगा, एवढंच त्याचं बोलणं. मुकेश पान उघडून सांगायचा. तीस. एक्कावन्न. ऐंशी.

आकडा वाढतोय म्हणून मी खूश होते. एकदा सहज हिशोब काढला, कुठून कुठून लोक येतात तो. काउंटरवाल्यांच्या पानावर तशी सोय होती. सगळे पाहुणे एकाच ठिकाणाहून येत होते, सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते अकरा. ते ठिकाण म्हणजे मुकेशचा कॅफे.

मी मुकेशला धरलं. तो म्हणाला, "मैं नहीं, बेन. काकाजी." रोज दार उघडताना ते पायरीवर असतात. तो शिकवायला गेला तर म्हणाले, एकदा दाखव, पुन्हा नको. आता स्वतः माऊस धरतात. पान उघडतात, बघतात, बंद करतात, मग कॉम्प्युटर बंद करतात. पुन्हा चालू करतात. पुन्हा मोडेमची किरकिर, पुन्हा पान. "दो घंटे में चार-पाँच बार हो जाता है."

मी त्याला विचारलं, मग तू सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, काय सांगू?

दुसऱ्या दिवशी मी महूहून पहिल्या बसने आले. काका कोपऱ्यातल्या मशीनवर होते. चष्मा नाकावर, पाठ ताठ. पान वरून खालपर्यंत सावकाश सरकवत होते. पहिल्या सतरंजीपाशी थांबले, दुसरीपाशी थांबले. चौथीपाशी बराच वेळ. मग पत्ता वाचला. मग आकडा बघितला आणि पान बंद केलं.

मी शेजारी जाऊन बसले. ते दचकले नाहीत. मुकेशने सांगितलं वाटतं, एवढंच म्हणाले.

मला त्यांना खोटं पाडायचं नव्हतं. त्यांचा त्रास कमी करावा, असं वाटलं. मी सांगितलं की काका, कॉम्प्युटर बंद करायची गरज नाही. हे एक बटण आहे. दाबलं की आकडा वाढतो. मी दाबून दाखवलं. एकशे बारा होते त्याचे एकशे तेरा झाले. पुन्हा दाबलं, चौदा.

काका आकड्याकडे बघत राहिले.

"हे दोन कोणी बघितलं?"

कोणी नाही, मी म्हटलं.

"मग ते त्याला कसे सांगायचे?" त्यांनी पेन्सिल काढली, मुकेशच्या रजिस्टरच्या कडेला दोनचा आकडा लिहिला आणि त्याला सांगितलं की शनिवारी फोन आला की हे दोन वजा करून सांग. मग माझ्याकडे वळले. एवढं सलग ते माझ्याशी आधी कधी बोलले नव्हते.

"बाई, मी कागदावर चौकोन रंगवले. कापड त्याने केलं. माझी मोराची चादर त्याने विणली, तेव्हा तीन वेळा धागा तुटला, तीन वेळा त्याने उसवून परत बसवला. मी कधी खाली शेडमध्ये जाऊन बघितलंसुद्धा नाही. तयार कापड वर यायचं, मी सही करायचो. आता बघतोय तर नीट बघू द्या."

रामरतनने ती चौकीदारी घेतली नाही. वेबसाइटवरून त्याची एकही सतरंजी गेली नाही, तेही खरं. गेल्या त्या बेटम्याच्या हाटात गेल्या. पण त्याच्या भावाने नंतर कधीतरी मुकेशला सांगितलं की शनिवारी फोन करून आला की हा घरात आकडा सांगतो आणि लगेच मागावर बसतो.

त्या सकाळी काकांनी पुन्हा कॉम्प्युटर बंद केला आणि चालू व्हायची वाट बघत बसले. मी शेजारचा चालू केला. मोडेम किरकिरला, पान हळूहळू वरून उतरायला लागलं. पहिली सतरंजी आली. ती मीच पडद्यावर बसवली होती, आणि तिच्या काठाला मधेच एक निळा धागा आहे, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं.