उजवीकडचं बटण

तुळशीला पाणी घालून झालं, की दैवशालाबाई मोबाइल पाटावर ठेवून त्याच्यापुढे मांडी घालून बसत. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, आता ह्यालाही हळदकुंकू लागणार. 'शब्दमाळ' नावाचं ॲप होतं ते, आणि त्यांच्या भाच्यानं, हरिओमनं, स्वतः बनवलेलं. रोज एक माळ करायची, म्हणजे इंग्रजी शब्दांची कार्डं एकेक करून उलटायची. नेमानं करायची गोष्ट कुणी दाखवली, की दैवशालाबाईंना राहवत नसे. सोमवारचं मौन, गुरुवारी एकवेळ जेवण, शनिवारी मारुतीला तेल, त्यात हे एक.

"सोपं हाय, आत्या," हरिओमनं शिकवलं होतं. "शब्द बगायचा, अर्थ मनात आणायचा, कार्ड उलटून ताळा करायचा. मंग खाली दोन बटणं. डावीकडं 'येत नाही', उजवीकडं 'येतं'. येत न्हाई म्हणलं की त्योच शब्द उद्याच्या माळेत पुन्हा येतोय. येतं म्हणलं की त्याच्या जागी नवा."

ह्या ॲपवर हरिओमचं सगळंच टांगलेलं होतं. वडील व्यंकटराव मानवतचे कापसाचे व्यापारी. "दसऱ्याला माल सुरू होतोय. तवर ह्याचं काय झालं तर झालं, न्हाईतर दुकानाची गादी हाय," असं त्यांनी बजावून ठेवलेलं. परभणीच्या एका संस्थेला बायकांच्या वर्गासाठी असं ॲप पाहिजे होतं. फक्त आधी बायका त्यावर खरंच शिकतात का, ते बघायचं होतं.

"बाया मी देते," दैवशालाबाई भावाला म्हणाल्या होत्या. "जिम्मा माझा." आणि त्यांनी आपलं अख्खं भजनी मंडळ भाच्याच्या हवाली केलं.

पहिल्या दिवशी पहिलंच कार्ड आलं, 'अम्ब्रेला'. छत्री! एवढं तर कुणालाही येतं. बाईंचं बोट ऐटीत उजवीकडे निघालं आणि वाटेतच थबकलं. 'येतं' म्हणायचं? आपणच? उभ्या जन्मात त्या असं म्हणाल्या नव्हत्या. भजन येतं का विचारलं, की "कुठलं येतंय, आपलं वेडंवाकडं म्हणते," असं म्हणायचं आणि मग पेटी मागवायची, ही त्यांची रीत. देवापुढे दिवा तेवत असताना अहंकाराचं बटण कसं दाबायचं? बोट गुपचूप डावीकडे वळलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा 'अम्ब्रेला'. त्यामागून 'ब्रिज', 'हार्वेस्ट', सगळी कालचीच माळ.

देवळात पेटीवाल्या नर्मदाबाईंनी विचारलं, "तुमचं कुठवर आलं ओ?"

"कुठलं काय! मला काईच येत न्हाई बगा."

नर्मदाबाईंनी बाकीच्यांकडे पाहिलं. "ह्यांनाच येत न्हाई, तर आपुन कामून पुढं पळायचं? बरं दिसंल का ते?"

झालं. सगळं मंडळ छत्रीखाली थांबलं.

तिकडे हरिओम हैराण. एकही बाई पहिली माळ ओलांडेना. त्याला वाटलं, शिकवायची तऱ्हाच चुकली. त्यानं चित्रं घातली. छत्रीचं सुरेख रंगीत चित्र आलं. दैवशालाबाईंनी कौतुकानं पाहिलं आणि डावं बटण दाबलं. मग त्यानं आवाज घातला. सोमवारी, बाईंचं मौन चालू असताना, मोबाइल आरतीच्या मध्येच "अम्ब्रेला! तुम्हीही म्हणा!" असं ओरडू लागला. बाईंना मौनात तो बंद कसा करायचा हे कुणाला विचारताही येईना. शेवटी त्यांनी त्याच्यावर पितळी पातेलं पालथं घातलं.

मग ॲपनं आपण होऊन ओळखलं, की ही मंडळी अगदीच कच्ची दिसतात, आणि सगळ्यांना बालवर्गात टाकलं. तिथे हिरवा पोपट होता. 'येत नाही' दाबलं की मान तिरकी करून म्हणे, "असू द्या! तुम्हाला जमेल!"

"लय गुणी पोपट हाय," नर्मदाबाई म्हणाल्या. "रागवत न्हाई."

हरिओमचं तोंड मात्र दिवसेंदिवस सुकत चाललं. दैवशालाबाईंचं काळीज तुटलं. भाच्याला यश मिळावं म्हणून त्यांनी नवा संकल्प सोडला: आजपासून रोज दोन माळा! मंडळानंही तोच नेम धरला. त्यामुळे रोज जेवढी 'येत नाही' जमत होती, त्याच्या दुप्पट जमू लागली.

दसरा तोंडावर आला आणि परभणीच्या त्या संस्थेच्या राजेश्री मॅडम देवळात आल्या. व्यंकटरावही आले होते. मुलाला गादीवर न्यायला आल्यासारखेच, पांढरेशुभ्र कपडे घालून.

मॅडमनी हरिओमच्या मोबाइलमध्ये पाहिलं आणि चष्मा वर केला. "इतके दिवस झाले, आणि एकीलाही छत्री आली नाही?"

हरिओमनं मान खाली घातली. व्यंकटरावांनी खिशातून दुकानाची किल्ली काढली.

मॅडमनी सहज नर्मदाबाईंना विचारलं, "मावशी, अम्ब्रेला म्हणजे काय हो?"

"छत्री," नर्मदाबाई म्हणाल्या.

"ब्रिज?"

"पूल!" मागून चौघी एकदम म्हणाल्या.

"हार्वेस्ट?"

"सुगी!" अख्खं मंडळ धृपद धरल्यासारखं गरजलं.

हरिओमचा आ वासलेला. "मंग येत न्हाई कामून दाबलं?"

सगळ्या जणी दैवशालाबाईंकडे बघू लागल्या. बाईंनी पदर सावरला. "अरे बाबा, मला येतं असं आपल्याच तोंडानं कसं म्हणावं?"

"तोंडानं कुठं, आक्का," व्यंकटराव कळवळून म्हणाले, "बोटानं म्हणायचं होतं!"

मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. दैवशालाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना आता कुठे उमगायला लागलं होतं. आजवर त्या 'येत नाही' म्हणत आल्या, ते समोरच्यानं "असं कसं, तुमालाच तर येतंय!" म्हणावं म्हणूनच की! ही रीत मोबाइलला कुणी सांगितलीच नव्हती. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या बोलण्यावर सरळ विश्वास ठेवला, आणि त्यात पोराचं वाटोळं व्हायची वेळ आली.

"ॲप आम्ही घेतो," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "बायका शिकल्या हे कानांनी ऐकलं. फक्त त्या बटणाचं काही तरी करा."

व्यंकटरावांनी किल्ली परत खिशात टाकली. "कापसाला दुसरा माणूस बगतो," एवढंच म्हणाले, पण जाताना बहिणीच्या पाया पडून गेले.

हरिओमनं त्याच दिवशी बटण बदललं. आता उजवीकडे लिहिलं होतं, 'देवाच्या कृपेनं येतं'. मंडळ ज्या वेगानं सुटलं, तो बघण्यासारखा होता. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला हरिओम आला, तो डोकं खाजवतच.

"आत्या, कालपासून सगळ्यांना सगळंच यायलंय! नर्मदामावशी तर शेवटच्या माळेवर गेल्यात."

"कृपा म्हणायची," दैवशालाबाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्या पाटाशी बसल्या. शब्द आला, 'ह्युमिलिटी'. बाईंनी चष्मा पुसून शब्द पुन्हा पाहिला. असलं काही त्यांनी कधी ऐकलंही नव्हतं. बोट डावीकडे निघालं आणि थबकलं. उजवीकडे साक्षात देवाची कृपा लिहिलेली, आणि आपण तिला नाही म्हणायचं? तेवढा अहंकार बरा नव्हे. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि कार्ड न उलटताच उजवं बटण दाबलं.

पोपटानं पंख फडफडवले आणि कार्ड आपोआप उलटलं. मागे लिहिलं होतं, 'नम्रता'.

"अगं बाई," दैवशालाबाई हरखून म्हणाल्या, "हे तर मला पहिल्यापासून येतंय!"