बसण्याचा रकाना

इंद्रभानचा बैल कवड्या पोळ्याच्या दिवशी, मानाच्या जोडीत, तोरणाच्या बरोबर खाली, एक तास दहा मिनिटं बसला. मात्र असं काही घडलंच नाही, असं गावाने एकमताने ठरवलं आहे. तेव्हा आपणही ते घडलं नाही असं समजून पुढे जाऊ.

धाड या बाजाराच्या गावापासून दोन कोसांवरच्या त्या गावात मानाची जोडी पोलीस पाटील पंजाबरावांची असे. त्यांचे बैल म्हातारे झाले, म्हणून यंदा पाटलांनी मान इंद्रभानला दिला. इंद्रभानच्या घराण्यात मानाचं असं आजवर काही आलं नव्हतं. एका मोठ्या साहेबाने त्याच्या आजोबाकडे पाणी मागितलं होतं, तेवढंच. त्यामुळे मान मिळाला त्या दिवसापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली. तो जेवताना ताटावरून उठून गोठ्यात जाई, गोठ्यातून तोरणाची जागा बघून येई, आणि परत येऊन थंड भाकरीकडे संशयाने बघे.

"तोरणाखालून बैल जाऊन राह्यले, का तुम्ही?" सोजराबाई, त्याची बायको, विचारी.

पोळ्याच्या चार दिवस आधी वामनराव आले. वामनराव पुण्याकडचे, वयाने तरुण, आणि सरकारने त्यांना कष्टकरी जनावरांचं वर्तन आणि सुख यांची पाहणी करायला धाडलं होतं. बैलाला सुख असतं हे गावाला ठाऊक होतं. ते कुणी मोजतं हे नवीन होतं. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती आणि नवीन सरकार काय मोजेल सांगता येत नव्हतं. कवड्या आठ वर्षांचा होता आणि एकाच गोठ्यात राहून त्याने तीन राज्यं पाहिली होती, पण त्याला असलं कुणी विचारलं नव्हतं.

वामनरावांनी सगळ्या गावातून कवड्याच निवडला. इंद्रभानची छाती फुगली. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत वामनराव गोठ्यासमोर लिंबाखाली स्टूल टाकून बसत. हातात घड्याळ, मांडीवर छापील तक्ता. तक्त्यात चार रकाने: उभा, बसला, रवंथ, आणि इतर.

पहिल्या दिवशी संध्याकाळी चावडीवर हिंमतरावाने सहज विचारलं, की काय साहेब, कसा काय आहे बैल. पाटलांनी इंद्रभानला मान दिला नसता तर तो हिंमतरावालाच मिळणार होता, त्यामुळे त्याचं सहज विचारणं फारसं सहज नव्हतं.

"उत्तम आहे," वामनराव म्हणाले. "आज अकरा वेळा बसला."

चावडीवरच्या सगळ्यांनी माना वळवून इंद्रभानच्या घराकडे पाहिलं.

आता पुस्तकातला बैल बसतो तेव्हा तो नुसता बसतो. गावातला बैल 'बसतो' म्हणजे मानेवर जू असताना भर औतात बसकण मारतो. मग त्याला शेपटी पिरगाळून उठवता येत नाही की त्याचे आईबाप काढून. चोरटा बैल एकवेळ खपतो, मारका खपतो, पण बसणारा बैल दारात असला की सोयरेसुद्धा दारात उभे राहत नाहीत. आणि हा तर दिवसातून अकरा वेळा बसत होता, शाईत.

दुसऱ्या दिवशी धाडचा बाजार होता. बातमी सकाळी बैलगाडीतून बाजाराला गेली आणि दुपारी परत आली तेव्हा अकराचे चाळीस झाले होते. पण इंद्रभानने ती जाताना, अकरावरच, ऐकली होती. तो तडक लिंबाखाली आला.

"साहेब, खोडा थे."

वामनरावांनी शांतपणे समजावलं, की नोंद खोडता येत नाही, आणि जनावर निवांत बसणं हे तर सुखाचं लक्षण आहे.

"तुमच्याकडं असल," इंद्रभान म्हणाला. "आमच्याकडं बैल बसला म्हंजे मालक बसला."

खोडता येत नसेल तर पुढे लिहू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. तो गोठ्यात येरझारा घालू लागला. कवड्याने पुढचे गुडघे किंचित वाकवले, की इंद्रभान "हं!" करी. कवड्या बिचारा बसता बसता उभा राही. दुपारी इंद्रभानने गोठ्यात चार घागरी पाणी ओतून चिखल केला. बसायची सवयच मोडावी म्हणून त्याने त्या रात्री दावं आखूड करून वरच्या आढ्याला बांधलं. कवड्या गव्हाणीकडे बघत उभा राहिला. हरण्या, जोडीतला दुसरा बैल, त्याच्याकडे बघत बसून राहिला. हरण्याचा तक्ता नव्हता.

त्याआधी संध्याकाळी वामनरावांनी चावडीवर काळजीने सांगितलं, "आज एकदाही बसला नाही. हे काही बरं लक्षण नाही."

हिंमतरावाने मान हलवली. "काल बसे, आज त्याले बसवत नाही. गुडघे गेले त्याचे." मग तो पाटलांकडे वळला. "पाटील, तोरणाखाली पडला गिडला तं साल खराब जाईन गावाचं."

पाटलांनी तिसऱ्या दिवशी सकाळीच इंद्रभानला बोलावून सांगितलं, की आज साहेबांच्या कागदात बैल धड निघाला तर मान तुझा, नाहीतर हिंमतरावाचा. धड म्हणजे किती वेळा बसलेला, हे इंद्रभानने विचारलं. पाटलांनी बराच विचार केला आणि चार म्हणाले.

मग इंद्रभान चिखलावर कोरडं गवत अंथरून कवड्याला म्हणाला, "बस बाप्पा. चार खेपा बस, बेतानं."

पण कवड्या दोन गोष्टी पक्क्या शिकला होता: मालक जवळ आला की उभं राहायचं, आणि मालक कायम जवळच असतो. इंद्रभानने त्याचा खांदा दाबून पाहिला, चुचकारून पाहिलं, तोंडापुढे ढेप धरून ती हळूहळू खाली नेली. कवड्याने मान खाली करून ढेप खाल्ली आणि मान वर केली. शेवटी इंद्रभान त्याच्यापुढे स्वतः मांडी घालून बसला, की पाहून तरी शिकेल. पण बसवेना, म्हणून उठला. मग पुन्हा बसला. वामनरावांनी 'इतर' या रकान्यात लिहिलं: मालक बसला, चार वेळा.

संध्याकाळी खांदमळणी झाली. हळद आणि तूप खांद्याला चोळून इंद्रभानने बैलांना रीतीप्रमाणे आवतण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." जरा थांबून तो कवड्याच्या कानात म्हणाला, "अन् उभ्यानंच जेवजो." त्या रात्रीही दावं आढ्यालाच राहिलं.

कागदात काय निघालं हे विचारायला पाटलांनी माणूस धाडला. वामनरावांनी आकडा तेवढा सांगितला: चार. कोण बसला, हे कुणी विचारलं नाही.

पोळ्याला महादेवाच्या देवळापुढे तोरण बांधलं होतं. कवड्या आणि हरण्या सगळ्यांच्या पुढे, शिंगांना बेगड, अंगावर झूल, कपाळावर बाशिंग. मागे हिंमतरावाची जोडी आणि तिच्यामागे सदतीस जोड्या. पाटलांनी इंद्रभानच्या ओंजळीत नारळ दिला आणि बजावलं, की मी सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही.

इंद्रभान हलला नाही. तीन दिवसांत पहिल्यांदाच तो एका जागी उभा राहिला. कवड्याने त्याच्याकडे नीट पाहिलं, खात्री करून घेतली, पुढचे गुडघे टेकले आणि बसला.

मानाची जोडी गेल्याशिवाय दुसरी जोडी तोरणाखालून जात नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाला काठी लावत नाहीत, शेपटी पिळत नाहीत, शिवीही देत नाहीत. म्हणजे करण्यासारखं काहीच उरलं नाही. इंद्रभानला धावून जावंसं वाटलं, पण ओंजळीत नारळ होता आणि पाटलांनी अजून हलायला सांगितलं नव्हतं. कवड्या डोळे मिटून रवंथ करू लागला. वामनरावांनी घड्याळ काढलं.

"आता पाहा, पाटील," हिंमतराव मागून ओरडला. "मी म्हणे का नाही, बसते म्हनून." एवढं बोलला आणि त्याच्या जोडीतला डावा बैल, पुढच्याचं बघून, खाली बसला.

तासाभराने घराघरातल्या पुरणपोळ्या निवल्या, तेव्हा सोजराबाई ओवाळायचं ताट घेऊन स्वतःच देवळापुढे आली. तिने कवड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग देवळाच्या आत पाहिलं.

"काऊन तोंडं पाडून राह्यले सारे?" ती म्हणाली. "महादेवापुढचा नंदी कधी उभा पाह्यला का कोणं?"

सगळ्यांनी आत पाहिलं. नंदी बसलेला होता. गावाच्या आठवणीत तो कधी उठलेला नव्हता.

"बरोबर हाय वहिनीचं," पहिल्यांदा हिंमतराव बोलला आणि त्याने स्वतःच्या डाव्या बैलापुढे हात जोडले.

सोजराबाईने कवड्याला बसल्या जागी ओवाळलं, पुरणपोळी भरवली. त्याने ती बसूनच खाल्ली, मग आपला आपण उठला, अंग झाडलं आणि तोरणाखालून ऐटीत चालू लागला. मागच्या जोड्या सुटल्या आणि पोळा फुटला. पाटलांनी तिथेच जाहीर केलं, की बैल बसला नाही, विराजमान झाला, आणि यापुढे मान कायम इंद्रभानकडे. इंद्रभान नारळ हातात धरून देवळाच्या पायरीवर बसला आणि अंधार पडेपर्यंत उठला नाही.

राहता राहिला तक्ता. त्यात वामनरावांनी लिहून ठेवलं होतं: 'बसला, एक वेळ, सत्तर मिनिटे. शेरा: अत्यंत सुखी.' गावाने विनवलं, पण नोंद ती नोंद, असं म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून गेले. तेव्हा पाटलांनी मास्तरांकडून अर्ज लिहवून घेतला, त्यावर सगळ्यांचे अंगठे घेतले, हिंमतरावाचे दोन, आणि तो टपालात टाकला:

'मे. साहेबांचे सेवेशी. अर्ज करण्यास कारण की, सदर बैल बसला नसून श्री महादेवासमोर विराजमान झाला होता. तरी छापील तक्त्यात "उभा" व "बसला" यांचे दरम्यान "विराजमान" असा पाचवा रकाना मेहेरबानीने छापून घेण्यात यावा, तो मागील तारखेपासून लागू करण्यात यावा, आणि तसे होईपर्यंत सदर बैलास उभा समजण्यात यावे, ही विनंती.'