बैठकीतल्या दोन गाड्या

लशींची व्हॅन दिवसभर शहरात फिरवून परिचारिका घरी परतली, तेव्हा बैठकीत दोन गाड्या उभ्या होत्या. सोफा आणि कपाट यांच्यामध्ये पांढरी, खिडकीशी लाल. दोन्ही जेवणाच्या खुर्च्या मांडून केलेल्या, खऱ्या गाड्यांच्या मापाच्या. दारांच्या जागी सुतळ्या ताणलेल्या. परवडण्याजोग्या या दोन छोट्या गाड्यांपैकी कोणती घ्यावी, याचा निवाडा तिचा नवरा महिनाभर अशा रीतीने करीत होता. तो पेशाने भूमापक. दोन भिंती समोरासमोर आहेत, हेही तो मोजल्याशिवाय कबूल करीत नसे.

"जेवायला बसायचं कशावर?" तिने विचारले.

"लाल मोकळी आहे. पांढरीत बाबांची चाचणी आहे."

गाडी हवी होती ती बाबांसाठीच. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सासरे घराबाहेर पडलेच नव्हते. थोरल्या बहिणीला भेटण्याची त्यांना ओढ होती. परंतु परक्याने काखेत हात घालून टॅक्सीत बसवावे, हे त्यांना मान्य नव्हते. "मी पोतं नाही," एवढेच ते म्हणत.

"बाबा, आधी पाठ, मग पाय." चालकाच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभे राहून भूमापकाने मोजायची फीत ताणली.

सासरे वाकले, बसले आणि कपाट व खुर्ची यांच्यामध्ये पक्के अडकले.

"दार उघड," ते म्हणाले.

"उघडंच आहे, बाबा."

"मग गाडी हलव."

परिचारिकेने खांद्यावरची पर्स खाली ठेवून कपाट सरकवले. त्याबरोबर कपाटाचा पाय मोडला, ते एका बाजूला कलले आणि आतल्या बशा एकामागून एक बाहेर आल्या.

"पांढरी बाद," शेवटची बशी फुटण्याच्या आत नवऱ्याने निकाल दिला. भांडायचे त्राण नसल्यामुळे तिने केरसुणी घेतली.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याच्या दारात सासरे खऱ्या लाल गाडीत पुढे बसले. कुणाचाही हात न धरता. "जमलं," म्हणाले आणि पट्टा लावून, बहीण पुढच्याच वळणावर उभी असल्यासारखे समोर पाहू लागले. परिचारिकेचा महिन्याभराचा शीण तेवढ्यापुरता उतरला.

"साहेब, एक चक्कर मारून बघा," विक्रेता म्हणाला.

साहेब, म्हणजे भूमापक, उंच होते. आसन पार मागे सारले, तरी त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना असे बसले, की चाक वळेना. बैठकीत घरातल्या साऱ्यांची मापे घेऊन झाली होती. चालकाची खुर्ची मात्र रोज रिकामी राहिली होती, कारण चालक फीत धरून बाजूला उभा असे.

"आता उलटं कर," शेजारून वडील शांतपणे म्हणाले. "आधी पाय, मग पाठ."

बाहेर येऊन गुडघा चोळीत भूमापक म्हणाला, "पांढरी पुन्हा एकदा बघू या."

"तू बघ. मी उतरत नाही." सासऱ्यांनी पट्टा घट्ट केला. "सूनबाई, बस तू. व्हॅन रोज कोण चालवतं?"

ती बसली. आसन, आरसा, चाक, सारे तिच्या मापाचे होते. बहिणीकडची प्रत्येक फेरी यापुढे कुणाच्या वाट्याला येणार, हे पहिला गिअर टाकतानाच तिला उमगले.

गाडी रस्त्याला लागली. मागे भूमापक गुडघे हनुवटीशी घेऊन बसला होता.

"मागची जागा पांढरीत जास्त होती," तो म्हणाला.

"फीत आणलीयस ना?" सासरे समोरच पाहत होते. "मग मोजत बस."