केसांतला धूर

आमच्या भवानीपूरच्या घरात खालच्या मजल्यावर राहणारे प्राध्यापक अण्णा बिवलकर अनोळखी बायकांची दारं ठोठावून विचारत, "तुमच्या केसांतून धूर किती निघतो?"

थांबा, पोलिसांना बोलावू नका. माणूस सज्जन होता. विद्यापीठात भूगोल शिकवायचा आणि उरलेल्या वेळात कलकत्त्याचा धूर मोजायचा. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. तेव्हा घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या आणि थंडीत संध्याकाळी त्या पेटल्या की गल्लीचं दुसरं टोक दिसायचं नाही. या शेगडीला बंगालीत म्हणतात उनुन. अण्णा म्हणायचे चूल. आणि बंगालीत चूल म्हणजे केस!

"आपनार चूल थेके कोतो धोंया बेरोय?" अण्णांचा चेहरा परीक्षकासारखा गंभीर. बाई आधी डोक्यावरून हात फिरवायची, मग आत वळून ओरडायची, "ओ मा! देखे जाओ, बुडोर माथा खाराप!" म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हटल्यावर ते बघायला अख्खं घर दारात हजर.

शेवटी माझ्या बायकोने त्यांना फरक समजावून सांगितला. अण्णा शांतपणे म्हणाले, "माहीत आहे हो वहिनी. उनुन म्हटलं की मी सरकारी माणूस वाटतो, दार लावून घेतात. चूल म्हटलं की हसतात आणि चहा देतात."

या सगळ्या उद्योगाचं मूळ साताऱ्यात होतं. सुधावहिनींना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, दमा. कलकत्त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांचे इतके हाल झाले की भाऊ येऊन त्यांना माहेरी घेऊन गेला. तेव्हापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी त्या विचारायच्या, "येऊ का?" आणि अण्णा कळवायचे, "पाहून सांगतो." दुसऱ्या कुणी चार दिवसांत पाहून सांगितलं असतं. अण्णांना पाहायला तीन वर्षं लागली.

कारण हे एका माणसाचं काम नव्हे, असं त्यांचं ठाम मत. धुरात काय आहे ते रसायनवाल्यांनी सांगायचं, झाडांच्या पानांवर किती बसतो ते वनस्पतीवाल्यांनी, लोक कोळसा कधी सोडतील ते अर्थशास्त्रवाल्यांनी आणि फुफ्फुसांचं डॉक्टरांनी. सगळ्यांनी एकत्र बसायचं. आता ही मंडळी एकाच जिन्याने वर्षानुवर्षं चढत-उतरत होती, पण एकमेकांना ओळख दाखवतील तर शपथ! अण्णांनी त्यांना कसंबसं पटवलं, तर बैठक कोणाच्या डिपार्टमेंटात घ्यायची यावर भांडण. दुसऱ्याच्या खुर्चीत बसायला कोणी तयार होईना. शेवटी बैठक झाली आमच्या दिवाणखान्यात.

माझ्या बायकोने हौसेने साबुदाण्याची खिचडी केली. बंगाल्यांत साबुदाणा म्हणजे आजाऱ्याचं खाणं. बशी हातात येताच डॉक्टर दचकून म्हणाले, "घरात कोणाला ताप आलाय का?" रसायनवाल्यांनी मात्र दोनदा घेतली.

बैठक, खरं सांगतो, झकास रंगली. रसायनवाले काजळीवर बोलले, वनस्पतीवाल्यांनी खिशातून काळी पडलेली पानं काढली, अर्थशास्त्रवाल्यांनी दोघांना मध्येच तोडलं. तीन वर्षं धुरावरून इतरांचं डोकं खाणारे अण्णा त्या दिवशी गप्प होते. सगळे दमल्यावर त्यांनी विचारलं, "तर मग दम्याच्या माणसाने हिवाळ्यात इथे राहावं का?"

"लोकसंख्या किती धरायची?" अर्थशास्त्रवाले म्हणाले.

"एक."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि अण्णांकडे बघून थांबलं.

"वय काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"बेचाळीस."

"झोपताना उशा किती लागतात?"

"तीन. कधी कधी बसूनच असते."

डॉक्टरांनी एकदा बाकीच्यांकडे पाहिलं. रसायनवाल्यांनी मान हलवली, मग वनस्पतीवाल्यांनी. आयुष्यात पहिल्यांदाच त्या सगळ्यांचं एकमत झालं होतं. डॉक्टर हळूच म्हणाले, "आनबेन ना, दादा." आणू नका.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आमच्या फोनवरून साताऱ्याला ट्रंक कॉल लावला. तेव्हा ट्रंक कॉल म्हणजे नाटकातलं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं वाक्य. "नको!" अण्णा ओरडले. "नको म्हणतोय! ऐकू येतंय का? यंदा नको!" समोरच्या घरातले लोक गच्चीवर आले. मग अण्णा नुसतेच ऐकत राहिले. लाइन कधीच तुटली असावी असं मला वाटलं, पण रिसिव्हर कानालाच होता.

तो ठेवल्यावर माझ्या बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या सुधावहिनी?"

अण्णा फोनच्या वायरीचा पीळ सोडवत बसले होते.

"म्हणाली, तुम्ही 'ये' म्हणायचं होतंत. 'नको' मी म्हटलं असतं."