अजून रंग नाही भरला

संध्याकाळच्या सूर्याला नापास करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लागून राहतो. देवरावभाऊ. पांढुर्ण्यात संत्र्याच्या व्यापाऱ्यांकडे जन्मभर माल निवडायला होते. झाडाखाली उभं राहायचं, एक डोळा बारीक करायचा आणि 'रंग भरला' किंवा 'नाही भरला' एवढंच सांगायचं, हे त्यांचं काम. काम सुटलं, पण डोळा बारीक करणं सुटलं नाही. भाजीवालीचे टमाटर असोत, माझी नवी भिंत असो की माझ्या भाचीला बघायला आलेला मुलगा, सगळ्यांवर शेरा एकच. "अजून रंग नाही भरला बाप्पा."

गेल्या महिन्यात सूर्याची पाळी आली. माझा गुन्हा एवढाच, की मी शाळामास्तर असलो तरी माझ्या फोनचा कॅमेरा बरा आहे.

भाऊंकडे एक जुनी शेंदरी अँबॅसिडर आहे. याच भाड्याच्या गाडीतून वहिनी मोहगावहून नवरी होऊन आल्या, दिवस मावळताना. पुढं भाऊंनी मालकाच्या मागं लागून तीच विकत घेतली. या गाडीचा तसाच मावळतीच्या वेळचा फोटो त्यांना हवा होता.

कारण वहिनींचा डोळा. एक लहानपणीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. ऑपरेशनसाठी त्या नागपूरला मुलीकडे गेल्या आणि साखर उतरेना म्हणून महिनाभर तिथंच अडकल्या. भाऊंना दवाखान्याच्या वासानंच चक्कर येते, त्यामुळे लेकीनं त्यांना इथंच ठेवलं. डॉक्टर म्हणाले होते, किती दिसेल ते पट्टी सुटल्यावरच कळेल. पट्टी सुटली की हा फोटो वहिनींना दाखवायचा, असं भाऊंनी ठरवलं होतं.

गाडीचाच का? त्याचीही एक गंमत आहे. दोन वर्षांपासून वहिनी म्हणत होत्या, "गाडी मळकट दिसून राहिली हो." भाऊंनी गाडी पुसली, धुतली, शेवटी रंगवून आणली. वहिनी म्हणाल्या, मळकटच आहे. भाऊ सौसरच्या पेंटरशी कचाकचा भांडले आणि पुन्हा रंगवून घेतली. तरी मळकटच! पुढं डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला तेव्हा भाऊ घरी येऊन कपाळाला हात लावून बसले. "रंग गाडीचा नव्हता गेला, गुरुजी. मी गाडीच रंगवत बसलो." दुसऱ्या दिवशी त्या पेंटरच्या दारात टोपलीभर संत्री ठेवून आले.

तर रोज संध्याकाळी आम्ही तिगावच्या रस्त्याला एका मोकळ्या माळावर. गाडीचं तोंड मावळतीकडे, मी गुडघ्यावर, भाऊ डोळा बारीक करून. "थांब. थांब. आंबट हाय आज. चाल वापस." एकदा तर सूर्य पार बुडाला तरी मला थांबवून ठेवलं, का तर खालून पुन्हा उजळतो का बघू.

आणखी एक नियम होता. फोटोत माणूस नको. "माणूस आला का नजर मालावर राहत नाही." साधी माझी सावली पडली तरी फोटो बाद.

ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मात्र भाऊंचा शेराच बंद पडला. उद्या सकाळी पट्टी सुटणार होती. गळ्यातल्या दुपट्ट्यानं ते बोनेट पुसत होते, पुसलेलंच पुन्हा पुसत होते. एकदम ऊन खाली आलं आणि गाडी पेटल्यासारखी लाल झाली. भाऊ ओरडले, "भरला! गुरुजी, रंग भरला! काढ!"

मी घाईघाईनं चार-पाच काढले आणि घरी येऊन एक लेकीला पाठवून दिला.

सकाळी भाऊंच्या अंगणात माझा फोन वाजला, नागपूरहून लेकीचा. मी स्पीकरवर टाकला. भाऊंनी माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं.

"शेंदरी हाय," वहिनींचा आवाज आला. "गाडी शेंदरी हाय हो."

भाऊ ओट्यावर बसले. मलाही कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

"आन् हा बोनेटजवळ दुपट्टेवाला बुढा कोण होय?"

मी फोन बघितला. घाईत नेमका नको तोच फोटो गेला होता. भाऊंनी माझ्याकडे जे बघितलं, ते लिहिण्यासारखं नाही.

"अवं, गाडीकडं पाह्य नं तू," ते फोनवर म्हणाले.

"गाडी पाह्यली. तुमी किती वाळले हो! जेवून नाही राहिले काय? मी घरी होती तवा मले काही दिसलंच नाही."

भाऊंनी डोळा बारीक केला, मग दोन्ही मिटले. फोन माझ्याकडे सरकवला.

"तू बोल गुरुजी," ते म्हणाले. "मले आवाज नाही येऊन राहिला."

आवाज तर अंगणभर येत होता.