न दिसणारं दार

निकिताच्या नव्या घरात संडासाला दार होतं, पण ते दिसत नव्हतं. हॉलच्या एका बाजूला खालपासून वरपर्यंत लाकडी रंगाच्या उभ्या पट्ट्या बसवलेल्या होत्या आणि त्यातल्याच चार पट्ट्या म्हणजे दार. कडी नाही, मूठ नाही, बिजागऱ्याही आतल्या बाजूला. नेमक्या जागी दाबलं की दार उघडायचं, नाहीतर भिंत आपली भिंतच राहायची.

ही करामत संगमनेरच्या आदिनाथची. इंटिरियरचा कोर्स करून तो पुण्याहून नुकताच परतला होता. "मॅडम, फॅशन दोन वर्षांत जाते," तो म्हणायचा. "मी टिकणारं देतो. पांढरा रंग, मोकळ्या भिंती, लपलेली दारं. वीस वर्षांनीसुद्धा हे घर जुनं वाटणार नाही." वीस वर्षांचा विचार करताना त्याने घरातल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मात्र धरलं नव्हतं.

निकिता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न होऊन प्रवरेकाठच्या या गावात आल्यापासून पंधरा वर्षं तिने भिंतीला खिळा, खिळ्याला पिशवी आणि पिशवीत आणखी पिशव्या एवढंच पाहिलं होतं. तिला दागिने नको होते, काश्मीर नको होतं. तिला एक रिकामी भिंत हवी होती. नवरा ज्ञानेश्वर दूध संघात कारकून. त्याने बायकोचं ऐकलं आणि ती भिंत तिला मिळाली. शाळेतून आली की ती दहा मिनिटं त्या भिंतीसमोर नुसती बसायची.

सासरे गहिनीनाथ यांना ते दार दहा वेळा दाखवून झालं. ते मान डोलवायचे आणि दार मिटलं की विसरायचे. सुनेला अकराव्यांदा विचारणं त्यांच्या मिशीला शोभणारं नव्हतं. दिवसा मुलगा संघात, सून शाळेत. मग ते पट्ट्या चाचपत बायकोला विचारायचे,

"आगं, कुठशिक हाय ते?"

"मला तरी कुठं गावतंय," आक्काबाई शेंगा फोडता फोडता म्हणायच्या.

अंगणातला जुना संडास गाडी लावायला जागा हवी म्हणून पाडला होता. तेव्हा गहिनीनाथ तांब्या उचलायचे आणि सहा घरं ओलांडून धाकट्या भावाकडे, काकासाहेबांकडे जायचे. वाटेत कुणी ना कुणी विचारायचंच, "का वं, येवढं घर केलं अन् तांब्या घिऊन कुठं?" गहिनीनाथ उत्तर देत नसत. थांबून बोलण्यासारखी त्यांची परिस्थितीही नसायची.

एका मंगळवारी ते असेच गेले, आणि परतताना तिसऱ्या घराच्या ओट्यावर टेकले ते टेकलेच. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. गावाने डॉक्टरांचं ऐकून घेतलं, पण तांब्या हातात होता हे गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

दहाव्याला नदीकाठी चारशे माणूस जमलं. प्रवचन झालं, सात जणांनी श्रद्धांजलीची भाषणं केली, सातव्याने मयताचं नावच चुकवलं, तेही लोकांनी सोसलं. पिंड मांडले गेले. समोरच्या बाभळीवर दहा-अकरा कावळे बसले होते. एकही जागचा हलेना.

कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याची काहीतरी इच्छा मागे राहिली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि गहिनीनाथांची कोणती इच्छा राहिली असेल याबद्दल त्या चारशे जणांत दुमत नव्हतं. सगळे निकिताकडे बघू लागले.

"दर्भाचा कावळा करू," गुरुजी घड्याळ बघत म्हणाले. त्यांना पुढच्या गावात दुसरा दहावा होता. "शास्त्रात सोय आहे."

"गवताचा कावळा? माज्या भावाला?" काकासाहेब उठले. "गुरुजी, तुमी निघून जाल. मला हितंच ऱ्हायचंय. ज्ञान्या, हात जोड. दाराला कडी लावतो म्हन."

ज्ञानेश्वरने डोकं भादरलेलं, धोतर ओलं. त्याने पिंडांपुढे हात जोडले. "दादा, दाराला कडी लावतो. पितळंची. मोठी."

एक कावळा बाभळीवरून उडाला आणि घाटाच्या कठड्यावर येऊन बसला.

इथेच सगळं बिघडलं. कावळा मुळीच हलला नसता तर दर्भावर भागलं असतं. पण तो हलला, म्हणजे गावाचा अंदाज बरोबर होता, आणि अंदाज बरोबर निघालेल्या गावाला आवरणं देवालाही जमत नाही.

"आज्या-पंज्याचे फोटू काढले भितीवरनं," मागून कुणीतरी म्हणालं. "ते लावा म्हनावं."

"लावतो," ज्ञानेश्वर म्हणाला. कावळा वरच्या पायरीवर उतरला.

"देव ड्रॉवरमधी घातल्यात. वढलं तर देव, ढकललं तर न्हाई."

"भाईर काढतो."

"म्हाताऱ्याची बाज हालमधी पायजेल."

"सोफा काढतो. बाज टाकतो."

कावळा प्रत्येक वेळी एकेक पायरी खाली येत होता, आणि निकिताच्या घरातली एकेक गोष्ट जात होती. तिने नवऱ्याच्या जवळ सरकून हळूच म्हटलं, "अहो, बाकी सगळं करा. ती एक भिंत तेवढी राहू द्या ना."

"बाप हाय माझा, निकिता," ज्ञानेश्वर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तिलाही सासऱ्यांचा तांब्या दिसत होता, आणि गेले दहा दिवस तिला भिंतीकडे बघवलं नव्हतं. शेवटच्या रांगेत बसलेला आदिनाथ मान खाली घालून मोटारसायकलच्या दिशेने सरकू लागला.

आता पिंड आणि कावळा यांच्यात दोनच पायऱ्या उरल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्याच गल्लीतला सहादेव उभा राहिला.

"गहिनीनाथ मला म्हनले हुते," तो म्हणाला, "घराचा गल्लीकडचा वटा काढून टाकू. ट्रॅक्टर वळत न्हाई."

त्या गल्लीत ट्रॅक्टर एकट्या सहादेवचा होता. पण ज्ञानेश्वरच्या जिभेला आता सवय झाली होती. "काढतो," तो म्हणाला.

कावळा उडाला तो पार नदीपलीकडे गेला. त्याच्यामागे बाभळीवरचे बाकीचेही गेले.

"सहादेवा," काकासाहेब म्हणाले, "मेलेल्या मान्साच्या तोंडात तुजा ट्रॅक्टर घालू नको."

कबूल करायला घरात काही शिल्लक नव्हतं. निकिता पदराने डोळे पुसत म्हणाली, "सगळंच काढा. होतं तसं करून टाका."

तेव्हा आक्काबाई उठल्या. दहा दिवसांत त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत त्या पिंडांपुढे आल्या आणि गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या.

"सरका समदी," त्या म्हणाल्या. "हे त्यांचं अन् माजं हाय."

काकासाहेब सरकले. आक्काबाई पिंडाकडे बघून बोलू लागल्या, घरात बोलाव्यात तशा.

"आवं, ऐका. दार मला पयल्या दिशीच गावलं हुतं. डावीकडनं सातवी पट्टी, कमरंच्या वाईच वर. मी रोज जात हुते. तुमी इचारलं तवा मुद्दाम न्हाई म्हनले."

मागच्या रांगांतली माणसं ऐकायला पुढे सरकली.

"लगीन झालं तवापून म्हनत हुते, परसात आडोसा करा. तुमी म्हनलात, घरापाशी घान नको. अडतीस वर्सं मी दिस मावळायची वाट बघितली. पोटुशी हुते तवाबी. बांधावं इंचू चावला तवाबी. सून यायची ठरली, तिच्या बापानं अट घातली, मंग आठ दिसात संडास बांधलात. मी मागितला तवा न्हाई." त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पिंडावरची माशी हाकलली. "म्हनलं, हुडकू दे जरा ह्यास्नी. वाटंतच जाल हे मला काय ठावं? लई वंगाळ झालं माज्याकडनं. तुमच्याकडनंबी झालं. आता फिटलं. मी तुमाला सोडलं, तुमी मला सोडा. या, जेवून घ्या."

त्या उठून चार पावलं मागे सरल्या. नदीपलीकडून एक कावळा आला, इकडे तिकडे न बघता थेट पिंडावर बसला आणि खाऊ लागला. गुरुजींनी घाईघाईने पिशवी भरायला घेतली.

काकासाहेबांनी घसा साफ केला. "बरं झालं. पन ज्ञान्या, बोललेलं पाळावं लागंल. कडी, फोटू, बाज..."

"कावळा माज्या शब्दावं शिवला, भावजी," आक्काबाई म्हणाल्या. "तुमच्या न्हाई. व्हय का न्हाई, गुरुजी?"

"आजींचं बरोबर आहे," गुरुजी चपला घालता घालता म्हणाले.

"मंग ती भित तशीच ऱ्हाऊ द्या. पोरगी पंधरा वर्सं मागत हुती."

निकिताने सासूचा हात धरला. दोघी घाटाच्या पायऱ्या चढू लागल्या.

गर्दी पांगली. आदिनाथ मोटारसायकलला किक मारणार तोच काकासाहेबांची बायको लंकाबाई समोर येऊन उभी राहिली. तिच्यामागे आणखी तीन बायका होत्या.

"बाळा, तसलं दार आमच्याकडंबी बसवून दी."

"कोणत्या खोलीला, काकू?"

लंकाबाईने लांब उभ्या असलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं. "सैपाकघराला," ती म्हणाली.

घरी जाताना काकासाहेब बायकोच्या चार पावलं मागून चालले. लग्नापासून आजवर हिने आपल्याकडे काय काय मागितलं होतं, ते आठवायची त्यांची धडपड चालली होती. घर आलं तरी त्यांना त्यातलं एकही आठवलं नाही, आणि त्यांना दरदरून घाम फुटला.